घर आपले, गाव सर्वांचे

मध्य लंडनच्या दक्षिणेस सुमारे पाच मैलांवर डलिच नावाचे उपनगर आहे आणि त्याच्या मध्यभागी 'डलिच व्हिलेज' या नावानेच ओळखले जाणारे जुने गावठाण आजही टिकून आहे. रुंद रस्त्याच्या कडेचे गवताचे पट्टे, पांढरे खांब आणि त्यांना जोडणाऱ्या साखळ्या, अठराव्या शतकातील विटांची घरे, एक चॅपेल, एक जुनी दफनभूमी आणि थोड्या अंतरावर चित्रांचे दालन अशी या गावाची रचना आहे. चहूबाजूंनी महानगर वाढत असताना हे गाव त्यात विरून गेले नाही, हे पाहणाऱ्याला सुदैव वाटते. परंतु त्याचा इतिहास तपासला असता असे दिसते की प्रत्येक पिढीत कोणीतरी जमिनीच्या मालकाच्या हाताला लगाम घातला आणि त्या लगामामुळेच गावाचे रूप शाबूत राहिले. म्हणून अशा गावात घर घेणारी व्यक्ती चार भिंती आणि परसबाग एवढेच विकत घेत नाही, तर स्वतःच्या मालकीहक्कावरील काही बंधने जाणूनबुजून स्वीकारते आणि त्याच्या मोबदल्यात शेजाऱ्यांवरील तशाच बंधनांचा लाभ मिळवते. ही देवाणघेवाण कशी निर्माण झाली आणि ती आज व्यवहारात कशी चालते, हे समजून घेणे इंग्लंडमध्ये स्थायिक होऊ पाहणाऱ्यांना उपयोगी आहेच, शिवाय जुन्या वस्त्या वाचवू इच्छिणाऱ्या कोणत्याही समाजालाही ते विचारप्रवृत्त करणारे आहे.

नटाने उभारलेला न्यास

डलिचचा लेखी उल्लेख इ. स. ९६७ पासून आढळतो. त्या वर्षी एडगर राजाने ही जहागीर आपल्या एका सरदाराला दिली. पुढे ती बर्मंडसी येथील मठाकडे गेली आणि आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केल्यानंतर खासगी मालकीत आली. गावाच्या इतिहासाला खरे वळण मिळाले ते १६०५ मध्ये, जेव्हा एडवर्ड ॲलन या नटाने ती विकत घेण्याचा करार केला. ॲलन हा शेक्सपिअरचा समकालीन असून ख्रिस्तोफर मार्लोच्या नाटकांतील प्रमुख भूमिकांमुळे त्याला मोठी कीर्ती लाभली होती, आणि सासरे फिलिप हेन्स्लो यांच्यासह केलेल्या नाट्यगृहांच्या व्यवसायातून त्याने संपत्ती मिळवली होती. ही संपत्ती त्याने धर्मादाय कार्याकडे वळवली. पहिल्या जेम्स राजाच्या सनदेनुसार १६१९ मध्ये स्थापन झालेल्या त्याच्या संस्थेत एक प्रमुख, एक व्यवस्थापक आणि चार अध्यापक यांच्यासह सहा गरीब वृद्ध पुरुष, सहा गरीब वृद्ध स्त्रिया आणि बारा गरीब विद्यार्थी यांच्या निर्वाहाची सोय होती, आणि या सर्वांचा खर्च जहागिरीच्या उत्पन्नातून भागवायचा होता.

या व्यवस्थेचा गावाच्या भूगोलावर झालेला परिणाम दूरगामी ठरला. सुमारे १,५०० एकरांची जमीन एका न्यासाच्या हाती एकसंध राहिली, वारसांमध्ये तिचे तुकडे पडले नाहीत आणि कोणाच्या कर्जापायी ती लिलावात निघाली नाही. न्यास जमीन सहसा विकत नसे; तो ती ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देत असे आणि मुदत संपताच जमीन तीवरील इमारतीसह न्यासाकडे परत येत असे. पट्ट्याच्या कागदातच घराची उंची, उपयोग, कुंपण आणि झाडे यांविषयीच्या अटी घातलेल्या असत. नगररचनेचे कायदे अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधीपासून डलिचमध्ये अशा प्रकारे नियोजन चालू होते आणि ते नगरपालिकेऐवजी जमीनमालक संस्था करत होती.

गावातील काही वास्तू या सातत्याच्या साक्षीदार आहेत. १६१६ मध्ये पवित्र करण्यात आलेले चॅपेल ॲलनच्या काळातील आहे. १७८९ मध्ये जॉन मॉर्गन या जमीनदाराने आपल्या कुरणांपर्यंत जाण्यासाठी खासगी रस्ता काढला आणि इतरांकडून त्याच्या वापराचा पथकर घेण्यास सुरुवात केली. त्याच मार्गावरील पथकर नाका लंडनमधील शेवटचा नाका म्हणून आजही ओळखला जातो. पोलंडच्या राजासाठी जमवलेला चित्रसंग्रह त्या देशाची फाळणी होऊन राज्यच नाहीसे झाल्यामुळे लंडनमध्ये पडून राहिला आणि अखेरीस सर फ्रान्सिस बुर्ज्वा यांच्या मृत्युपत्रानुसार १८११ मध्ये या न्यासाला मिळाला. सर जॉन सोन यांनी त्यासाठी बांधलेले दालन १८१७ मध्ये लोकांसाठी खुले झाले, आणि छतातून येणाऱ्या प्रकाशाची त्यातील रचना पुढील काळातील चित्रदालनांसाठी आदर्श ठरली. मराठी वाचकांना पु. ल. देशपांडे यांच्या आवडीचे लेखक म्हणून परिचित असलेले पी. जी. वुडहाउस ॲलनच्या संस्थेतूनच वाढलेल्या डलिच कॉलेज या शाळेचे विद्यार्थी होते आणि त्यांच्या कथांमधील 'व्हॅली फील्ड्स' हे उपनगर डलिचवरूनच बेतलेले आहे.

रेल्वे, बाँब आणि नवा कायदा

एकोणिसाव्या शतकात लंडनभोवतीची अनेक गावे रेल्वेने गिळून टाकली. १८५४ मध्ये क्रिस्टल पॅलेस ही काचेची भव्य वास्तू जवळच्या टेकडीवर उभी राहिली आणि पुढील दशकात लोहमार्ग डलिचच्या जमिनीतून गेले. न्यासाला रेल्वे अडवणे शक्य नव्हते. पण तिने कसे दिसावे याविषयी आग्रह धरणे शक्य होते. म्हणून येथील पूल आणि नॉर्थ डलिच स्थानक यांना न्यासाचे वास्तुकार चार्ल्स बॅरी कनिष्ठ यांच्या हाताचा घाट लाभला, आणि जमिनीच्या मोबदल्यातून मिळालेल्या पैशामुळे १८७० मध्ये पूर्ण झालेली कॉलेजची नवी इमारत उभी राहू शकली. शेजारच्या ईस्ट डलिचमध्ये मात्र जमीन अनेक मालकांमध्ये विभागलेली असल्यामुळे काही दशकांतच एकसारख्या दुमजली घरांच्या ओळी दाटीने उभ्या राहिल्या. दोन्ही भागांतील आजचा फरक नकाशावरही सहज ओळखू येतो आणि त्याचे मूळ जमिनीच्या मालकीतील फरकात आहे.

दुसऱ्या महायुद्धात दक्षिण लंडनवर बाँबचा मोठा मारा झाला. १९४४ मध्ये चित्रदालनाचीही मोठी हानी झाली आणि ते १९५३ मध्ये पुन्हा उघडले. युद्धानंतर पडझड झालेल्या आणि नोकरचाकरांशिवाय सांभाळणे अशक्य झालेल्या मोठ्या बंगल्यांच्या जागी न्यासाने आधुनिक पद्धतीची छोटी घरे आणि सदनिका बांधवून घेतल्या, मात्र त्यांची मांडणी जुन्या झाडांना जपून केली. या वसाहती आता स्वतःच वास्तुकलेच्या अभ्यासकांचा विषय झाल्या आहेत. जतन म्हणजे बदलाला पूर्ण मज्जाव नव्हे, ही गोष्ट डलिचच्या या टप्प्यातून स्पष्ट होते.

खरा पेच निर्माण झाला तो १९६७ च्या लीजहोल्ड सुधारणा कायद्यामुळे. इंग्लंडमध्ये घराची मालकी मुख्यतः दोन प्रकारची असते: 'फ्रीहोल्ड' म्हणजे जमिनीसह कायमची मालकी आणि 'लीजहोल्ड' म्हणजे ठरावीक वर्षांपुरता, पट्ट्याने मिळालेला हक्क. या कायद्याने दीर्घ मुदतीच्या पट्ट्यावर राहणाऱ्या घरमालकांना जमिनीची फ्रीहोल्ड मालकी सक्तीने विकत घेण्याचा अधिकार दिला. न्याय्यतेच्या दृष्टीने हे पाऊल आवश्यक होते, कारण पिढ्यान्‌पिढ्या पैसे भरूनही मुदतीअखेर घर गमावण्याची वेळ अनेक कुटुंबांवर येत असे. परंतु पट्टा संपला की त्यातील अटीही संपणार आणि प्रत्येक जण आपल्या मर्जीने झाडे तोडणार, दर्शनी भाग बदलणार, ही भीतीही खरी होती. त्यासाठी याच कायद्याच्या १९ व्या कलमात अशी तरतूद करण्यात आली की एकसंध रचनेच्या वसाहतींमध्ये न्यायालयाच्या मंजुरीने 'व्यवस्थापन योजना' लागू करता येईल आणि जमीन विकल्यानंतरही जुन्या मालकाकडे देखरेखीचे अधिकार राहतील. डलिचची योजना १९७४ मध्ये मंजूर झाली. हॅम्पस्टेड गार्डन सबर्बसारख्या इतर नियोजित उपनगरांनीही हाच मार्ग स्वीकारला.

बंधनांचे तीन थर

आज डलिच व्हिलेजमध्ये घर घेणाऱ्याला तीन वेगवेगळ्या बंधनांचा विचार करावा लागतो आणि त्यांची गल्लत करणे महागात पडू शकते. पहिला थर वैयक्तिक वास्तूचा आहे. ऐतिहासिक किंवा वास्तुशास्त्रीय महत्त्व असलेल्या इमारती राष्ट्रीय सूचीत नोंदवल्या जातात आणि महत्त्वाच्या उतरत्या क्रमाने त्यांना प्रथम, द्वितीय-तारांकित आणि द्वितीय अशा श्रेणी दिल्या जातात; यांतील बहुसंख्य द्वितीय श्रेणीत मोडतात. सूचीतील घराचे संरक्षण केवळ दर्शनी भागापुरते नसून आतील जिने, दरवाजे, शेकोट्या आणि छताची नक्षी यांनाही लागू होते. परवानगीशिवाय केलेला विघातक बदल हा फौजदारी गुन्हा आहे आणि तो बदल पूर्ववत करण्याचा आदेश काढण्याला कालमर्यादा नाही, त्यामुळे आधीच्या मालकाने केलेल्या कामाची दुरुस्ती नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते.

दुसरा थर परिसराचा आहे. १९६७ च्याच नागरी सौंदर्य कायद्याने 'संवर्धन क्षेत्र' ही कल्पना आणली, म्हणजे एकेका इमारतीऐवजी संपूर्ण परिसराचे स्वरूप जपणे. अशा क्षेत्रात इमारत पाडण्यासाठी नियोजन परवानगी लागते, घर वाढवण्याच्या नेहमीच्या सवलती कमी होतात आणि ठरावीक जाडीच्या झाडाची फांदी छाटायची असली तरी स्थानिक प्रशासनाला सहा आठवडे आधी सूचना द्यावी लागते. डलिचमध्ये हे प्रशासन म्हणजे सदर्क बरो कौन्सिल.

तिसरा थर न्यासाच्या व्यवस्थापन योजनेचा आहे. घराचे बाह्य स्वरूप बदलायचे असेल, खोली वाढवायची असेल किंवा झाड काढायचे असेल तर न्यासाची स्वतंत्र संमती घ्यावी लागते आणि सामायिक परिसराच्या देखभालीसाठी वार्षिक वर्गणी भरावी लागते. कौन्सिलने परवानगी दिली म्हणून न्यासाची संमती गृहीत धरता येत नाही आणि याच्या उलटही घडत नाही. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्याला सामायिक नियम आणि मासिक शुल्क यांची सवय असते. फरक इतकाच की येथे स्वतंत्र बंगल्याचा आणि जमिनीचा पूर्ण मालकही अशा व्यवस्थेच्या कक्षेत येतो.

व्यवहाराची वाट

घरखरेदीच्या इंग्लिश पद्धतीत एक गोष्ट भारतीय ग्राहकाला विशेष अपरिचित वाटते. इस्टेट एजंटमार्फत दिलेली किंमत विक्रेत्याने मान्य केली, तरी तो करार ठरत नाही. लेखी करारांची दोन्ही पक्षांमध्ये अदलाबदल होईपर्यंत कोणीही विनादंड माघार घेऊ शकतो आणि दरम्यानच्या काळात दुसऱ्याने अधिक किंमत देऊ केल्यास विक्रेता तिकडे वळू शकतो. करारांच्या अदलाबदलीच्या वेळी सहसा किमतीच्या १० टक्के रक्कम भरली जाते आणि त्यानंतरच व्यवहार बंधनकारक होतो. उरलेली रक्कम ठरलेल्या दिवशी देऊन ताबा घेतला जातो. बहुतेक विक्रेते स्वतःही दुसरे घर घेत असल्यामुळे अनेक व्यवहार एकमेकांत गुंतलेले असतात आणि एक अडला की सगळे अडतात.

या मधल्या काळात दोन व्यावसायिकांचे काम निर्णायक असते. सॉलिसिटर मालकीची कागदपत्रे तपासतो, कौन्सिलकडील नोंदी, सांडपाणी आणि पुराचा धोका यांची चौकशी करतो आणि डलिचसारख्या ठिकाणी आधीच्या प्रत्येक बाह्य बदलाला न्यासाची संमती होती का, हे विचारतो. जुन्या परगण्यांमध्ये तो आणखी एक मध्ययुगीन अवशेष तपासतो: काही जमिनींच्या मालकांवर स्थानिक चर्चच्या वेदीकडील भागाच्या दुरुस्तीचा खर्च देण्याची जबाबदारी अजूनही असू शकते. ही जबाबदारी कागदापुरती नाही, हे वॉरिकशायरमधील ॲस्टन कँटलो येथील चर्चच्या दाव्यात २००३ मध्ये सर्वोच्च अपील न्यायपीठाने दिलेल्या निर्णयाने सिद्ध केले.

दुसरा व्यावसायिक म्हणजे इमारतीची तपासणी करणारा सर्व्हेअर. कर्ज देणाऱ्या बँकेचे मूल्यांकन म्हणजे घराची तपासणी नव्हे, कारण ते बँकेचा पैसा सुरक्षित आहे का एवढेच पाहते. तपासणीच्या तीन पातळ्या उपलब्ध असतात आणि शंभर वर्षांहून जुन्या घरासाठी सर्वांत सविस्तर, म्हणजे तिसऱ्या पातळीची तपासणी करून घेणे शहाणपणाचे असते. दक्षिण लंडनची जमीन चिकणमातीची आहे. कोरड्या उन्हाळ्यात ती आक्रसते, पावसाळी हवेत फुगते आणि जवळच्या मोठ्या झाडाची मुळे तिच्यातील ओलावा शोषून घेतात, त्यामुळे पाया खचून भिंतींना तिरक्या भेगा पडू शकतात. १९७६ च्या दुष्काळात इंग्लंडमध्ये असे नुकसान मोठ्या प्रमाणावर झाले. ज्या घन झाडीसाठी लोक डलिचला येतात तीच पायाला धोका ठरू शकते आणि एखादे झाड संरक्षित असल्यास ते परवानगीशिवाय तोडताही येत नाही, म्हणून विम्याच्या अटी आधीच वाचणे आवश्यक असते.

जुन्या भिंतींचा स्वभावही समजून घ्यावा लागतो. विसाव्या शतकापूर्वीच्या भिंती सहसा पोकळी नसलेल्या, भरीव विटांच्या आणि चुन्यात बांधलेल्या असतात; त्या पावसाचे पाणी थोडे शोषतात आणि नंतर चुन्याच्या सांध्यांमधून बाहेर टाकतात. अशा भिंतीचे सांधे सिमेंटने भरले की पाणी आत अडकते, विटांचे पापुद्रे निघू लागतात आणि आत ओल येते. लाकडी सरकत्या खिडक्यांच्या जागी प्लास्टिकच्या खिडक्या बसवण्यास येथे सहसा परवानगी मिळत नाही, म्हणून ऊब टिकवण्यासाठी मूळ खिडकीच्या आतल्या बाजूला दुसरी काच बसवण्याचा मार्ग वापरला जातो. चुन्याचे काम जाणणारा गवंडी आणि खिडक्यांची दुरुस्ती करणारा सुतार यांची मजुरी जास्त असते, हे खर्चाच्या हिशेबात सुरुवातीलाच धरावे लागते.

खरेदीवरील करही लहान नाही. एप्रिल २०२५ पासून लागू असलेल्या दरांनुसार किमतीतील पहिल्या १,२५,००० पौंडांवर मुद्रांक शुल्क नाही, तेथून २,५०,००० पर्यंतच्या भागावर २ टक्के, ९,२५,००० पर्यंत ५ टक्के, १५ लाखांपर्यंत १० टक्के आणि त्यापुढे १२ टक्के असा चढता दर आहे. त्यामुळे १० लाख पौंडांच्या घरावर ४३,७५० पौंड शुल्क द्यावे लागते, आणि डलिच व्हिलेजमधील कुटुंबासाठी योग्य घरांच्या किमती सहसा १० लाखांच्या पुढेच असतात. मराठी कुटुंबांनी येथे विशेष सावध राहावे, कारण खरेदीदाराच्या नावे आधीचे घर असल्यास ५ टक्के अधिभार लागू होऊ शकतो आणि त्यासाठी पुण्यातले किंवा नागपुरातले घरही सामान्यतः मोजले जाते. याखेरीज खरेदीपूर्वीच्या बारा महिन्यांत ब्रिटनमध्ये १८३ दिवस वास्तव्य नसलेल्यांना आणखी २ टक्के द्यावे लागतात.

राहण्यातले सुख आणि त्याची किंमत

येथील दैनंदिन जीवनात भुयारी रेल्वे नाही, पण नॉर्थ डलिचहून लंडन ब्रिजला आणि वेस्ट डलिचहून व्हिक्टोरियाला थेट गाड्या आहेत. १८९० मध्ये खुले झालेले डलिच पार्क आणि एकेकाळी दक्षिण लंडनवर पसरलेल्या 'ग्रेट नॉर्थ वुड' या अरण्याचा अवशेष असलेली ओक व हॉर्नबीमची वनराई ही गावाची खरी संपत्ती आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेली डलिच सोसायटी ही रहिवाशांची संघटना स्थानिक इतिहास, झाडे, वाहतूक आणि नियोजन यांवर सातत्याने काम करते. कायदा बंधने घालू शकतो, पण नियोजनाचा प्रत्येक अर्ज वाचून त्यावर वेळेत मत नोंदवण्याची चिकाटी रहिवाशांनाच दाखवावी लागते. असा जागरूक नागरिक नसेल तर संवर्धन क्षेत्राची घोषणा कागदावरच राहते.

तरीही या जतनातील एक गंभीर विसंगती नजरेआड करता येत नाही. ज्या न्यासाची सनद गरीब वृद्ध आणि गरीब मुले यांच्यासाठी लिहिली गेली, त्याच्या गावात आज केवळ उच्च उत्पन्नाची किंवा वारशाने संपन्न असलेली कुटुंबेच घर घेऊ शकतात. नामवंत शाळांमुळे आणि काही सरकारी शाळांमध्ये घराच्या अंतरावरून प्रवेश ठरत असल्यामुळे किमतींचा हा चढ अधिकच तीव्र होतो. बांधकामावरील बंधनांमुळे नवी घरे कमी उभी राहतात आणि जे दुर्मीळ असते ते महाग होते, हे अर्थशास्त्रीय सत्य संवर्धनाच्या समर्थकांनी प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मात्र त्यावरचा उपाय गाव मोडण्यात नाही. युद्धानंतर डलिचच्याच हद्दीत किंग्जवुड हाउसभोवतीच्या जमिनीवर सार्वजनिक गृहयोजना उभी राहिली आणि त्या जुन्या वाड्याचा उपयोग समाजकेंद्र म्हणून होऊ लागला. वारसा आणि परवडणारे घर एकमेकांच्या शेजारी नांदू शकतात, याचा हा ठोस पुरावा आहे. संवर्धनाचे नियम सांभाळणाऱ्या संस्थांनी इमारतींच्या रूपाइतकीच त्यांत राहणाऱ्यांच्या विविधतेचीही चिंता वाहिली, तर ॲलनच्या मूळ हेतूशी ते अधिक सुसंगत ठरेल.

अशा गावात घर घेण्याचा विचार करणाऱ्याने म्हणूनच किमतीआधी व्यवस्थापन योजनेचा कागद वाचावा आणि त्यातील प्रत्येक अट आपल्याला पटते का, हे स्वतःशी ठरवावे. ज्याला मालकी म्हणजे हवे ते करण्याची मुभा वाटते, त्याच्यासाठी लंडनमध्ये इतर अनेक चांगल्या वस्त्या आहेत आणि तेथे तो अधिक समाधानी राहील. ज्याला मात्र मालकी म्हणजे आधीच्या पिढ्यांकडून आलेली ठेव धडपणे पुढच्यांच्या हाती देण्याची जबाबदारी वाटते, त्याला या अटी जाच वाटणार नाहीत. कारण चारशे वर्षे अनेकांनी अशाच अटी पाळल्या म्हणूनच त्याला आज हे गाव निवडण्याची संधी मिळाली आहे आणि ती पुढच्या खरेदीदाराला मिळेल की नाही, हे आता त्याच्यावर अवलंबून आहे.